लाख वाती, दहा कोटी बिया

आषाढी एकादशी झाली की लोह्यातल्या आमच्या घरी आत्या ओसरीवर कापूस घेऊन बसायची. सरकी काढलेला, हातानं पिंजलेला, फुंकर मारली तर उडून जाईल असा कापूस. शेजारी वाटीत चिमूटभर राख. बोटाला राख लावायची, कापसाचा पुंजका ओढायचा, तळहातावर पीळ द्यायचा, झाली वात. मग पुढची. मग त्याच्या पुढची. शंभर वाती झाल्या की ज्वारीचा एक दाणा दुसऱ्या वाटीत पडायचा. असे हजार दाणे पडले की चातुर्मासाचा नेम पुरा.

‘‘आत्या, एवढं मोजतेस कशाला?’’ मी विचारायचो.

‘‘मोजल्याबिगर लाख कसं व्हईल रे बाळा?’’

लाख! हा आकडा आपल्या तोंडात इतका रुळलाय की त्याचं नवल वाटेनासं झालंय. जरा भागाकार करून बघा. चातुर्मासाचे एकशेवीस दिवस धरले तर रोज आठशेच्या वर वाती वळायच्या. मिनिटाला सात वळल्या तरी रोजचे दोन तास. त्यात शेतातली खुरपणी आली, गौरी-गणपती आले, घरातलं आजारपण आलं. आणि देवापुढं उजेड पाडायला वात किती लागते? एक.

मग उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव कशासाठी?

हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं तसाच पडून होता. तो पुन्हा जागा झाला एका फोटोमुळं. फोटो होता लंडनच्या टेट मॉडर्न या कलादालनाचा. ही इमारत पूर्वी वीजघर होती. जिथं टर्बाइन फिरायची, त्या अवाढव्य हॉलच्या जमिनीवर ऑक्टोबर २०१० मध्ये करड्या रंगाचा जाड थर पसरला होता. दुरून वाटावं, रस्त्याच्या कामाची खडी आणून टाकलीय. जवळ जाऊन वाकलं की कळायचं, या तर सूर्यफुलाच्या बिया! निमुळतं टोक, काळे-पांढरे पट्टे, सगळं तंतोतंत. एखादी दाताखाली धरून फोडावी असं वाटेल. पण फोडायला गेलात तर दात जाईल, कारण ती बी चिनीमातीची आहे.

हे काम चिनी कलावंत आय वेवे याचं. बिया किती? दहा कोटी. वजन दीडशे टन. साच्यातून काढलेली प्रत्येक बी भट्टीत भाजली, मग कुणीतरी ती दोन बोटांत धरली, बारीक कुंचल्यानं एका बाजूला तीन-चार रेघा ओढल्या, उलटी करून दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ओढल्या आणि पुन्हा भट्टीत पाठवली. वीस-तीस टप्पे पार करून एक बी तयार होई. हे सगळं झालं जिंगदेझेन नावाच्या गावी. तिथं हजार वर्षांहून जास्त काळ भांडी घडताहेत, चीनच्या सम्राटांच्या ताटवाट्या तिथूनच जात. आपण कपबशीला ‘चिनीमातीची’ म्हणतो ना, त्या शब्दाचं हे माहेर. गावातले सोळाशे कारागीर अडीच वर्षं एवढंच करत होते. त्यांत बायका पुष्कळ होत्या.

आता तो दहा कोटींचा आकडा आत्याच्या ओसरीवर आणा. दहा कोटी भागिले एक लाख म्हणजे किती? एक हजार. लोहा तालुक्यातून लाखाचा नेम धरणाऱ्या हजार बाया उभ्या राहिल्या, तर लंडनच्या हॉलमध्ये बिया होत्या तेवढ्याच वाती एका चातुर्मासात वळून होतील! हा हिशेब जमला त्या दिवशी मी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो. ज्या गोष्टीसाठी जगभरातून माणसं लंडनला गेली, तिचा एक हजारावा हिस्सा आमच्या ओसरीवर दरवर्षी एकटी बाई करत होती, आणि आम्ही तिला ओलांडून शाळेत जात होतो.

बियाच का, हेही सांगायला हवं. आय वेवेच्या लहानपणी चीनमध्ये भिंतीभिंतीवर चित्रं असत. त्यांत माओ म्हणजे सूर्य, आणि जनता म्हणजे त्याच्याकडं तोंड करून उभी असलेली सूर्यफुलं. दिवस ओढगस्तीचे. मित्राच्या हातावर ठेवायला खिशात काही असलंच, तर याच भाजलेल्या बिया. वरून बघणाऱ्याला सगळी जनता एकसारखी, करडी, खडीसारखी. हातात घेऊन बघणाऱ्याला मात्र प्रत्येक बी वेगळी, कारण प्रत्येकीवर रेघ ओढणारा हात वेगळा, वेळ वेगळी, त्या वेळचा श्वास वेगळा. सुरुवातीला लोकांना त्या थरावरून चालू दिलं होतं. माणसं बियांवर बसली, लोळली, मुठी भरभरून त्यांनी त्या ओतल्या. दोन-तीन दिवसांतच चिनीमातीची धूळ उडायला लागली, ती छातीत जाऊ नये म्हणून चालणं बंद करावं लागलं.

सूर्यफूल आपल्याला परकं नाही. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं तर त्याची वाणं काढलीत. कधी शेतात पिकलेलं फूल दिसलं तर त्याच्या तबकाकडं नीट बघा. बिया सरळ ओळीत नसतात, भोवऱ्यासारख्या वळणांत असतात. काही वळणं उजवीकडं जातात, काही डावीकडं. मोजली तर बहुतेकदा एकीकडं ३४ आणि दुसरीकडं ५५ भरतात, फूल मोठं असेल तर ५५ आणि ८९. झाडाला आकडेमोड येत नाही. त्याला एकच गोष्ट येते: नवी बी धरताना आधीच्या बीपासून साधारण साडेएकशेसदतीस अंश वळायचं. तेवढं एक वळण पुन्हा पुन्हा, हजारदा. त्यातून ती भोवऱ्याची नक्षी आपोआप उमटते. कुठल्याही एका बीमध्ये ती नक्षी नसते!

इथं मला माझ्या प्रश्नाचं पहिलं टोक सापडलं.

खळ्यावरची ज्वारीची रास आठवा. रासीला उतार असतो, शिखर असतं, संध्याकाळी तिची सावली पडते. दाण्याला यातलं काय असतं? काहीच नाही. तीन-चार वस्तू आपण न मोजताच ओळखतो. पुढच्या मोजाव्या लागतात. शंभराच्या पुढं अंदाज चालतो. लाखापाशी मात्र डोळा मोजणंच सोडून देतो आणि दुसऱ्याच कामाला लागतो: तो रास बघायला लागतो. संख्या वाढता वाढता एका टप्प्यावर वस्तूची जातच बदलते.

मोठं काही घडवायचे मग दोन रस्ते. एक रस्ता लोह्याच्या शेजारी कंधारला दिसतो. राष्ट्रकूटांच्या काळात तिथं क्षेत्रपालाची प्रचंड मूर्ती होती. तिचे भंगलेले अवयव सापडलेत, आणि त्यांच्यापुढं उभं राहिलं की माणूस एवढासा होतो. एकच वस्तू, पण डोंगराएवढी. दुसरा रस्ता आमच्याच तालुक्यात माळेगावला, मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत कानावर पडतो. भंडारा उधळत लोक ‘येळकोट’ म्हणून गर्जतात. हा शब्द कन्नडातून आला, असं अभ्यासक सांगतात. ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘कोटि’ म्हणजे आपलं कोटी. सात कोटी! देवाचं सैन्य केवढं, ते एका आरोळीत मोजून दाखवलंय. मराठीला या दुसऱ्या रस्त्याचं भारी वेड. देव तेहतीस कोटी, योनी चौऱ्याऐंशी लक्ष, बेलाची लाखोली, अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन, आणि रागाच्या भरात शिव्या वाहायच्या तर त्यांचीही लाखोलीच.

चिनी भाषेचंही तसंच आहे. तिथं दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, ‘वान’. आणि सगळी सृष्टी म्हणायची असेल तर ते म्हणतात ‘दहा हजार वस्तू’.

या दहा हजारांच्या वेडाचा सगळ्यात थरारक पुरावा एका विहिरीनं दिला. मार्च १९७४. शिआन शहराजवळ दुष्काळ पडला म्हणून काही शेतकरी विहीर खणत होते. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही, आपलं बहात्तरचं साल नुकतंच सरलं होतं. पाण्याऐवजी त्यांच्या कुदळीला लागलं भाजलेल्या मातीचं माणसाचं मुंडकं. मग धड. मग दुसरा माणूस. खणत गेले तसं कळलं की जमिनीखाली अख्खी फौज उभी आहे, अंदाजे आठ हजार सैनिक, इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारलेल्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याच्या राखणीला.

आठ हजार पुरुषभर उंचीचे पुतळे घडवायचे कसे? त्या कारागिरांची युक्ती ऐका. आपल्याकडं गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते आणि डोळे हातानं आखतात, तशीच काहीशी. पाय, धड, हात, डोकं असे भाग वेगवेगळे करायचे. भागांचे प्रकार ठरावीक, पण जुळणी निरनिराळी. डोक्याचा ढोबळ आकार साच्यातून काढायचा, मग वर ओली माती थापून नाक, मिशी, भुवया, अंबाडा हातानं कोरायचा. बारा स्वरचिन्हं आणि मूठभर व्यंजनं हाताशी धरून बाराखडी कितीतरी अक्षरं उभी करते, हाही तोच गुणाकार. संशोधकांनी या फौजेतल्या तीस सैनिकांचे कान मोजून पाहिले. एकाचा कान दुसऱ्यासारखा नव्हता.

बावीसशे वर्षांपूर्वी, जमिनीत पुरून टाकायच्या, कुणी कधी बघणार नाही अशा पुतळ्याला कुणीतरी वेगळा कान दिला! का दिला असेल?

हा प्रश्न मनात ठेवून आता आपल्या घरी या, अजिंठ्याला.

बहुतेक लोक पद्मपाणी बघायला पहिल्या लेणीकडं धावतात. सातव्या लेणीत फार कुणी थांबत नाही. तिला मोठा सभामंडपही नाही. ओसरी ओलांडून अंतराळात शिरलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत बुद्धच बुद्ध. कुणी उभा, कुणी बसलेला, ओळीवर ओळ, प्रत्येक जण कमळावर. आणि या कमळांचे देठ? ते खाली नागांनी धरलेल्या देठाला जाऊन मिळतात.

ही श्रावस्तीची गोष्ट. राजा प्रसेनजिताच्या समोर इतर पंथांच्या आचार्यांनी बुद्धाला आव्हान दिलं. तेव्हा नागराजांनी एक कमळ उभं केलं, बुद्ध त्यावर बसला, आणि त्याच्या वर, आजूबाजूला, पुढं-मागं तसाच बुद्ध दिसायला लागला. एकाचे अनेक, आभाळापर्यंत. अजिंठ्याच्या कारागिरापुढची अडचण लक्षात घ्या. गोष्टीत हालचाल आहे, एक माणूस डोळ्यांदेखत अनेक होतोय. हातात मात्र आहे न हलणारा काळा दगड. त्यानं काय केलं? देठ दाखवला. एका देठाला अनेक कमळं फुटली की बघणाऱ्याला आपसूक कळतं, हे निरनिराळे बुद्ध नाहीत, हा एकच आहे. पाचव्या शतकातला तो हात एका वेलीनं एवढं सांगून गेला.

आत्याच्या वातींच्या हे नेमकं उलट आहे. तिथं लाख वेगळ्या वाती मिळून एक आरास होते. इथं एकच जण अनेक होतो. गुणाकार दोन्हीकडं आहे, दिशा मात्र उलट. आणि वेरूळला बाराव्या लेणीत, तीन ताल म्हणतात त्या लेणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तिसरीच गंमत. एका बाजूला सात बुद्ध ओळीनं ध्यानाला बसलेत. चेहरा तोच, मांडी तीच. फरक बघायचा असेल तर मान वर करा. हे निरनिराळ्या युगांतले सात बुद्ध, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर आपापला बोधिवृक्ष. समोरच्या सात जणांच्या डोक्यावर छत्रं. ओळखीची खूण माणसावर नाही, त्याच्या सावलीवर कोरली आहे.

आता नकाशावर अजिंठ्यावरून बोट उचला आणि हिमालयापलीकडं, गोबीच्या वाळवंटाच्या कडेला ठेवा. तिथं दुनहुआंग आहे. परंपरा सांगते की इसवी सन ३६६ मध्ये लेझून नावाचा भिक्षू तिथं पोचला, आणि समोरच्या कड्यावर त्याला सोनेरी उजेडात हजार बुद्ध दिसले. त्यानं कड्यात एक लेणं खोदलं. पुढच्या हजार वर्षांत तिथं सातशेहून जास्त गुहा झाल्या. जागेचं नावच पडलं, हजार बुद्धांची लेणी. अजिंठ्याची सातवी लेणी लेझूनच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी कोरली गेली, तेव्हा तिथून हे चित्र चीनला गेलं असं म्हणता यायचं नाही. पण कल्पना बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातूनच निघाली होती. तीच इकडं दगडात उतरली आणि तिकडं रंगात.

दुनहुआंगच्या भिंतींवर आणि छतांवर छोटे छोटे बुद्ध ओळींनी रंगवलेत, एकेका गुहेत हजारांनी. एवढे एकसारखे बुद्ध काढले कसे? १९०० साली तिथली एक बंद खोली उघडली आणि तिच्यात हजारो पोथ्यांबरोबर उत्तरही सापडलं: कागद. त्यावर बुद्धाची आकृती, आणि आकृतीच्या रेषेवर सुईनं पाडलेली भोकं. हा कागद भिंतीला लावायचा, रंगीत पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, कागद उचलायचा. भिंतीवर ठिपके उमटतात. ते जोडले की बुद्ध.

ओळखलंत का हे? आपल्या आया-मावश्या जाड कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायच्या, अंगणात सारवणावर ठेवून त्यावर रांगोळी सारखी करायच्या, आणि उचलला की ठिपक्यांची ओळ हजर! तीच युक्ती, जशीच्या तशी. दुनहुआंगचे ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेत. आपले दिवाळी झाली की कपाटावर जातात.

त्याहून सुंदर युक्ती रंगांची आहे. चित्रकारानं बुद्धांच्या वस्त्रांचे, प्रभावळीचे रंग ठरावीक क्रमानं फिरवलेत, आणि दर ओळीला तो क्रम एक घर सरकवलाय. त्यामुळं जवळून एकेक बुद्ध दिसतो, आणि चार पावलं मागं सरलं की सगळ्या भिंतीवरून तिरके पट्टे धावताना दिसतात, उन्हाच्या तिरिपीसारखे. लेझूनला दिसलेला उजेड! तो रंगवलेला नाही. तो ओळींच्या सरकण्यातून निघालाय, सूर्यफुलाच्या भोवऱ्यासारखा.

त्याच बंद खोलीतून आणखी एक वस्तू निघाली, आणि तिच्याबद्दल विचार करताना माझं मन दरवेळी थक्क होतं. सुमारे पाच मीटर लांबीची कागदाची गुंडाळी. मजकूर वज्रच्छेदिका, मूळ संस्कृत सूत्राचं चिनी भाषांतर. शेवटी लिहिलंय की वांग जिए नावाच्या माणसानं आईवडिलांच्या वतीनं हे सर्वांना फुकट वाटण्यासाठी करवून घेतलं. तारीख ११ मे ८६८. आणि ही गुंडाळी हातानं लिहिलेली नाही, लाकडी ठशांवरून छापलेली आहे. तारीख असलेलं, जगातलं सर्वांत जुनं उपलब्ध छापील पुस्तक ते हेच.

सूत्र जितक्या वेळा लिहाल, म्हणाल, वाटाल तितकं पुण्य, अशी ती श्रद्धा. आपल्या पारायणासारखी, जपासारखी. हातानं किती वेळा लिहिणार? मग अक्षरं लाकडात उलटी कोरा, शाई लावा, कागद दाबा. पुण्य वाढवायच्या या ओढीनं छपाई पुढं रेटली! रोजचं वर्तमानपत्र, मुलांचं पाठ्यपुस्तक, हे पान, या सगळ्यांच्या मागं कुठंतरी एक माणूस माळेचे मणी ओढत बसलाय.

छापून अनेक करता येतं, तरीही चीननं हातानं पुन्हा पुन्हा लिहिणं सोडलं नाही. इथं मला मराठीतला एक लाडका शब्द वापरायचाय: गिरवणं. बाईंनी पाटीवर काढून दिलेल्या ‘अ’वरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, रेघ जाडजूड होईपर्यंत. चीनमध्ये अख्खी सुलेखनकला या गिरवण्यावर उभी आहे. त्यांचा सगळ्यात मोठा आदर्श म्हणजे वांग शीझीनं ३५३ साली वसंतातल्या एका मैफलीत लिहिलेली प्रस्तावना. ३२४ अक्षरं. त्यात ‘झी’ हे एकच अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी त्याचं वळण निराळं. असं सांगतात की मैफल संपल्यावर त्यानं तोच मजकूर पुन्हा लिहून पाहिला, पण पहिल्यासारखा एकदाही जमला नाही. मूळ कागद हरवला. पुढं एका सम्राटानं तो थडग्यात सोबत नेला म्हणतात. आज जे आहे ते नकलांवरून केलेल्या नकला, आणि त्याच गिरवून पिढ्या शिकल्या.

१९९० साली छिऊ झिजिए या तरुण कलावंतानं ती प्रस्तावना हजार वेळा लिहायला घेतली. पण कागद एकच! पहिल्यांदा लिहिली, वाचता आली. त्याच्यावरच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. पन्नासेक वेळा लिहून होईपर्यंत कागद पुरता काळा झाला. तो थांबला नाही. काळ्यावर काळं लिहीत राहिला, १९९५ पर्यंत. अक्षर दिसेनासं झाल्यावर लिहिणाऱ्याजवळ काय उरतं? हाताची हालचाल. कुठं दाब द्यायचा, कुठं उचलायचं, कुठं श्वास घ्यायचा. मजकूर कागदावरून उडाला आणि मनगटात जाऊन बसला. शू बिंग या दुसऱ्या चिनी कलावंतानं त्याच सुमारास उलटा डाव मांडला: चार हजारांवर अक्षरं लाकडात कोरली, अगदी खरी वाटणारी, पण एकालाही अर्थ नाही. त्यांची पुस्तकं छापली, छतावरून मजकुराचे पट्टे सोडले. वाचायला आलेली माणसं एखादं ओळखीचं अक्षर शोधत खोलीभर फिरत राहिली.

आणि आता तो योगायोग, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

१९८९ चा उन्हाळा, पॅरिस. पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत इथं ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. जगभरातले शंभरएक कलावंत. त्यांत चीनमधून यांग जिएचांग. त्यानं काय मांडलं? कागदावर काळ्या शाईचा हात. वाळला की वर दुसरा. मग तिसरा. दिवसामागून दिवस, थरावर थर, ‘शाईचे शंभर थर’. शाई इतकी साचली की काळ्या कागदाला धातूसारखी चमक आली, सुरकुत्या पडल्या, काळोखात उंचसखल भाग उठले.

आणि त्याच प्रदर्शनात चित्रं होती आपल्या डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची.

म्हशे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्यानं मुलाचं बोलणं थांबलं. सांगायचं असेल ते तो धुळीत चित्र काढून सांगू लागला. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी. हा पुरुष असून रोज चित्र काढू लागला, लग्न असो-नसो. गेरूचा नाहीतर शेणाचा हात दिलेली जमीन, तांदळाच्या पिठाचं पांढरं, टोक ठेचलेली काडी. आकार तीनच: गोल, त्रिकोण, चौकोन. एवढ्या तुटपुंज्या बाराखडीत त्यांनी काय काय लिहिलं! मुंग्यांची रीघ, पाखरांचे थवे, तारप्याभोवती वेटोळं घालून नाचणारी माणसं. आणि मासे धरायचं जाळं. ते जाळं एकदा तरी बघाच. हजारो बारीक रेघा, एकीशेजारी एक, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाळं निपचित पडलेलं नाही. रेघांची दाटी कुठं वाढते, कुठं विरळ होते, आणि बघता बघता सगळं जाळं पाण्यात हेलकावे खायला लागतं. कुठल्या एका रेघेत ती लाट आहे? शोधून सापडायची नाही.

एकानं काळ्यावर काळं चढवलं, दुसऱ्यानं मातीच्या रंगावर पांढरं. एक चीनच्या कलाशाळेतून आलेला, दुसरा धुळीत शिकलेला. पॅरिसला एका प्रदर्शनात दोघांनी जगाला एकच गोष्ट दाखवली, हजारदा केलेली एक छोटी हालचाल. म्हशे यांना पुढं २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. माझ्या मते गेल्या शतकात महाराष्ट्रानं जगाला दिलेल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांत त्यांचं नाव घ्यायला हवं, आणि ते पुरेसं घेतलं जात नाही.

ओसरीवरच्या वाटीत हजारावा दाणा पडायचा तेव्हा कार्तिक लागलेला असायचा. उद्यापनाच्या दिवशी आत्या सगळ्या वाती तुपात भिजवायची. अंगणात मोठ्या परातींत त्यांची रास लावायची आणि पेटवायची. लाख वातींना लाख ज्योती नसत. एकच ज्योत असे, माझ्या कमरेपेक्षा उंच, आणि तिच्या उजेडात समोरच्या घराच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा दिसत. चार महिन्यांचं काम तासाभरात संपे. आत्या परात घासायला घेई.

पेटवण्याआधी काही वाती मी एकदा परातीतून उचलून पाहिल्या होत्या. वरवर सगळ्या सारख्या. बोटांत फिरवल्यावर कळलं, काहींचा पीळ घट्ट आहे, काहींचा सैल, एखादीला राखेचा ठसा जास्त लागलाय. मातीच्या सैनिकांचे कान वेगळे का, हे मला तिथं कळलं. कारागिरानं ते मुद्दाम वेगळे केलेच असतील असं नाही. हाताला दोनदा तेच करता येत नाही.

यंदा अजिंठ्याला गेलात तर गर्दी पुढं जाऊ द्या आणि सातव्या लेणीत थांबा. अंतराळातल्या एका भिंतीपुढं उभं राहून खालच्या ओळीपासून बुद्ध मोजायला लागा. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोजायला सांगा. सोमवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात.